बाइकच्या स्विचचं कव्हर बदलताय? आधी आतली खुंटी बघा

बाइक आडवी पडली की हँडलवरच्या स्विचचं प्लास्टिक कव्हर बऱ्याचदा तडकतं. नवीन कव्हर घरीही बसवता येतं, पण घाई केली तर आतली वायर तुटते.

किल्ली बंद करा. कव्हर उघडण्याआधी आणि उघडल्यावर मोबाईलने फोटो काढा, कारण वायर कुठून वळली होती हे नंतर हमखास आठवत नाही. स्क्रूही कधीकधी कमी-जास्त लांबीचे असतात, त्यांची जागा लक्षात ठेवा. स्क्रू ड्रायव्हर बरोबर मापाचा घ्या आणि दाबून फिरवा, नाहीतर स्क्रूचं डोकं झिजतं आणि मग बसा!

अनेक बाइकमध्ये कव्हरच्या आत एक छोटी खुंटी असते, ती हँडलच्या भोकात बसते. ती भोकात नीट न बसवताच स्क्रू आवळले तर नवीन कव्हरही तिथेच फुटतं. दोन भागांत फट राहतेय? मग बहुतेक वायर दबलीय किंवा खुंटी चुकलीय. जोर लावू नका, परत उघडा.

उजव्या बाजूला जास्त जपा, तिथे रेसची केबल असते. काम झाल्यावर इंजिन बंद ठेवूनच हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि प्रत्येक वेळी रेस पिळून सोडा. ती झटकन मागे आली पाहिजे. जराही अडकली तर गाडी रस्त्यावर काढायची नाही.