ब्रेक कॅलिपरला घरी ग्रीस लावताय? आधी कुठे लावायचं नाही ते समजून घ्या



गेल्या वर्षी पावसाळा संपल्यावर आई-बाबांना घेऊन रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालो होतो. साखरप्याला चहासाठी थांबलो, गाडीतून उतरलो आणि काहीतरी जळाल्याचा वास आला. पुढच्या डाव्या चाकाजवळ हात नेला तर भट्टीसमोर उभं राहिल्यासारखी धग लागली. बाकीची तिन्ही चाकं जेमतेम कोमट. जवळच्या मेकॅनिकने चाक काढलं, कॅलिपरची पिन ओढून पाहिली आणि विचारलं, "यात हे ग्रीस कोणी भरलं?"

मीच भरलं होतं. आठ महिन्यांपूर्वी, व्हिडिओ बघून, घरात पडलेलं साधं बेअरिंगचं ग्रीस. काम झाल्यावर गाडी छान चालली म्हणून मी खूशही झालो होतो. रोज कोड लिहितो, तरी "चाललं म्हणजे बरोबर असतंच असं नाही" हे गाडीच्या बाबतीत विसरलो. त्या दिवशी गाडी तिथेच ठेवली आणि आम्ही एसटीने पुढे गेलो.

हे काम घरी करता येतं. पण कुठलं ग्रीस, किती आणि कुठे, हे आधी कळायला हवं.

कॅलिपर नेमकं काय करतं?

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक असतात. पुढच्या डिस्कला चिमट्यासारखं पकडणारा भाग म्हणजे कॅलिपर. या गाड्यांच्या कॅलिपरमध्ये पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. पेडल दाबलं की पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच धक्क्याने अख्खं कॅलिपर आत सरकून बाहेरचा पॅडही डिस्कवर ओढतं.

हे सरकणं दोन पिनांवर होतं. त्यांना गाइड पिन किंवा स्लाइड पिन म्हणतात. पिन सहज सरकली तर दोन्ही पॅड सारखे दाबतात आणि पाय उचलल्यावर सैल होतात. पिन अडकली तर पॅड डिस्कला घासत राहतो. मग चाक तापतं, मायलेज पडतं, गाडी एका बाजूला ओढते आणि एक पॅड दुसऱ्यापेक्षा लवकर झिजतो.

एवढं तापल्याने काय बिघडतं?

एक साधा हिशोब. 1000 किलोची गाडी ताशी 80 किलोमीटरवरून पूर्ण थांबवली, तर सुमारे 2.5 लाख जूल ऊर्जा निघते. पाऊण लिटर पाण्याला उकळी आणायला ती पुरेशी आहे. बहुतेक सगळी ऊर्जा डिस्क आणि पॅडमध्ये उष्णता बनून जाते. डिस्कला मधे थंड व्हायला वेळ मिळतो म्हणून हे चालून जातं. पॅड सतत घासत असेल तर तो वेळच मिळत नाही.

ही उष्णता पिस्टनमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. डॉट 4 प्रकारचं ऑइल नवं असताना किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा नियम आहे. पण ते हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि ठरावीक पाणी शोषल्यानंतरची मर्यादा 155 अंशांवर येते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल खाली जातं पण ब्रेक लागत नाही. घाट उतरताना असं झालं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

माझी चूक कुठे झाली?

आपण सगळे "ब्रेक ऑइल" म्हणतो, पण डॉट 3 आणि डॉट 4 हे तेल नसतं. ते ग्लायकॉलवर आधारित द्रव असतात. त्यांना साजेसं म्हणून ब्रेकमध्ये ज्या जातीचं रबर वापरतात, त्याला खनिज तेल सहन होत नाही. साधं ग्रीस म्हणजे घट्ट केलेलं खनिज तेलच. ते लागलं की रबर फुगतं आणि मऊ पडतं. माझ्या पिनेच्या टोकाचा रबरी बुश असाच फुगून भोकात घट्ट बसला होता.

म्हणून पिनांसाठी सिलिकॉन ग्रीस किंवा ज्याच्या पाकिटावर "ब्रेक कॅलिपर पिनसाठी" असं स्पष्ट लिहिलंय तेच ग्रीस घ्या. इंजिन ऑइल, साधं ग्रीस, खोबरेल तेल, गंज काढायचा स्प्रे, यातलं काहीही नको.

काम कसं करायचं?

1. गाडी सपाट, कडक जमिनीवर आणि पूर्ण थंड हवी. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा.

2. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग जॅक लावा आणि त्याच्या शेजारी जॅक स्टँड ठेवून गाडीचं वजन स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर भरवसा ठेवू नका. वीट न सांगता फुटते.

3. एका वेळी एकच चाक उघडा. जोडताना गोंधळ झाला तर दुसरं चाक बघून खात्री करता येते.

4. कॅलिपर काढलं तर तारेने स्प्रिंगला बांधा. ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नका. या वेळी कोणीही पेडल दाबता कामा नये, पिस्टन बाहेर येईल. घरात लहान मुलं असतील तर दरवाजे लॉक करा.

5. पिना एकेक करून काढा. कुठली वर, कुठली खाली, ते लिहून ठेवा. बऱ्याच गाड्यांत दोन्ही सारख्या नसतात.

6. जुनं ग्रीस कापडाने आणि ब्रेक क्लीनरने पुसा. क्लीनर पेट घेतो, त्यामुळे जवळ विडी-सिगारेट नको. ब्रेकची धूळ फुंकून उडवू नका, मास्क लावा. पिनेवर गंजाचे खड्डे असतील तर पॉलिश पेपरने घासू नका, पिन बदला. फाटलेला रबरी बूटही बदला.

7. पिनेवर ग्रीसचा पातळ थर द्या. भोकात ग्रीस कोंबलं तर आत हवा अडकते आणि पिन बाहेर ढकलली जाते. बसवल्यावर पिन हाताने आत-बाहेर सरकायला हवी.

8. पॅडचे कान जिथे खाचेत बसतात, तिथे कंपनीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तरच उष्णता सहन करणारं ब्रेक ग्रीस लावा, तेही अगदी पुसट. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला आणि डिस्कला ग्रीस अजिबात नाही. डिस्कला लागलं तर क्लीनरने पुसा. पॅडला लागलं तर दोन्ही बाजूच्या चाकांचे पॅड बदला.

9. बोल्ट टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यावरच आवळा. अंगातली सगळी ताकद लावून नाही. चाकाचे नट समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळा.

सगळ्यात महत्त्वाची पायरी

गाडी हलवण्याआधी, जागेवर उभं असतानाच, पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. काम करताना पिस्टन मागे गेलेला असतो, त्यामुळे पहिल्या एक-दोन वेळा पेडल थेट तळाला जातं. ही पायरी विसरलात तर सोसायटीच्या गेटवरच कळेल. त्यानंतर ब्रेक ऑइलची पातळी बघा आणि मोकळ्या जागेत ताशी 10-15 च्या वेगाने दोन-तीनदा ब्रेक लावून पाहा.

कधी हात लावू नये?

पेडल मऊच राहत असेल, कुठे ऑइल गळत असेल, पिस्टन मागे जात नसेल किंवा डॅशबोर्डवर ब्रेकचा दिवा पेटला असेल, तर थांबा आणि मेकॅनिकला बोलवा. मागच्या चाकांना इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर तो आधी सर्व्हिस मोडमध्ये न्यावा लागतो, ते कामही जाणकारावर सोडा.

आता दर पावसाळ्यानंतर मी पिना तपासतो. लांबच्या प्रवासात पहिल्या थांब्याला चारही चाकांजवळ हात नेतो, डिस्कला न लावता. एक चाक जास्त धगधगत असेल तर पुढे जायचं नाही. बाबा आता उतरल्यावर माझ्या आधीच चाकांकडे जातात.

घरी गाडीचं काम करणारा एखादा मित्र असेल, तर हा लेख त्याला नक्की पाठवा.