पंधराशे रुपये आणि पाच शिलिंग



परवा इथल्या एका मराठी घरी जेवणं झाल्यावर विषय निघाला तो लाडक्या बहिणीचा. म्हणजे 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना'. जुलै २०२४ पासून महाराष्ट्रातल्या २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या बायकांच्या खात्यात महिन्याला १५०० रुपये. आपल्या लोकांची मतं काय असणार ते सांगायला नको. "मतं विकत घेतली", "फुकटची सवय लावली", "नवरे दारूत उडवणार". पहिल्या मुद्द्यावर मी वाद घालत नाही. पैसे ऑगस्ट २०२४ मध्ये यायला लागले, निवडणूक नोव्हेंबरमध्ये झाली, तारखाच बोलतात. पण उरलेल्या दोन मुद्द्यांवर बोलण्यासारखं बरंच आहे, आणि त्यातलं निम्मं आपण राहतो त्याच देशात घडलेलं आहे.

तसं पाहिलं तर गावाकडे रोख पैसे पाठवणं आपल्याला नवीन नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गाची चूल कित्येक वर्षं गिरणगावातून येणाऱ्या मनीऑर्डरीवर पेटत होती. टपाल खात्याने १८८० साली सुरू केलेली ही सोय २०१५ मध्ये बंद झाली. पण त्या काळात चाकरमान्याला कोणी म्हणालं नाही की बाबा, पैसे नको पाठवूस, घरचे उडवतील, त्यापेक्षा शिलाई मशीन पाठव! फरक एवढाच, की ज्या घरचा माणूस मुंबईला त्याच घरी मनीऑर्डर यायची. बाकीच्यांनी बघत बसायचं.

लातूर जिल्ह्यात माझ्या मामेबहिणीचं सासर आहे. तिच्या शेतात खुरपणीला येणाऱ्या एका बाईशी मी गेल्या हिवाळ्यात बराच वेळ बोलले. नाव मुद्दाम देत नाही. दीड एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन. नवरा वर्षातले सात-आठ महिने पुण्यात बांधकामावर. घरी सासू आणि दोन मुली. सातबारा नवऱ्याच्या नावावर, त्यामुळे पीएम-किसानचे वर्षाला ६००० (२०१९ पासून) आणि राज्याच्या 'नमो शेतकरी'चे ६००० (२०२३ पासून) त्याच्या खात्यात येतात आणि बी-खतात जिरतात. त्यावर तिची तक्रार नाही, ते पैसे शेताचेच असं ती धरून चालते. पंधराशे मात्र तिचे.

पहिले दोन हप्ते एकदम आले, ३००० रुपये. ते किराणा दुकानाच्या जुन्या उधारीत गेले. मी मनात म्हटलं, संपलं, पैसे आले तसे गेले. पण ती पुढे म्हणाली, "ताई, आता दुकानदार वहीत माझं नाव लिहितो." आधी वहीत नवऱ्याचं नाव असायचं. तो पुण्यात असला की दुकानदार "मालक आल्यावर बघू" म्हणून तेल-साखर द्यायला का-कू करायचा. आता त्याला माहीत आहे की या बाईच्या खात्यात पैसे येतात. आषाढ-श्रावणात, पेरणीला पैसा ओतून झालेला आणि सोयाबीन घरात यायला अजून दोन-अडीच महिने, तेव्हा हे फार मोठं काम आहे. थोरल्या मुलीच्या चष्म्याचं वर्षभर रखडलेलं काम झालं. दोन शेळ्या घेतल्या, त्यातली एक मेली. बचत गटाचा हप्ता आता ती सासूकडे न मागता भरते.

आणि मजुरी? गावातल्या जमीनवाल्यांचं एकच रडगाणं, बायका आता खुरपणीला येत नाहीत. (माझी मामेबहीणही त्यातलीच, तिच्यासमोर हे लिहायची माझी हिंमत नाही.) हिशोब करून बघा. तिकडे बाईची दिवसाची मजुरी अडीचशे-तीनशे. पंधराशे म्हणजे पाच-सहा दिवसांचं काम. त्यावर कोण महिनाभर घरी बसेल? पण त्या पाच-सहा दिवसांत ती स्वतःच्या सोयाबीनमध्ये खुरपणी करते, किंवा दोनशेवर बोलावणाऱ्याला "नाही जमत" म्हणते. आळस वाढला असं ज्याला दिसतं, त्याला बहुतेक स्वस्तातला मजूर गमावल्याचं दुःख झालेलं असतं.

हे काही माझ्या एकटीच्या बघण्यावर सांगत नाही. २०११-१२ मध्ये होळकरांच्या इंदूरच्या आसपासच्या खेड्यांत 'सेवा' या बायकांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने एक प्रयोग केला होता. त्यात इथले अर्थशास्त्रज्ञ गाय स्टँडिंग होते. आठ गावांतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला महिना २०० रुपये, मुलामागे १०० (मुलांचे पैसे आईकडे), पुढे ते ३०० आणि १५० केले. अट कसलीच नाही. ज्या गावांना काही दिलं नाही त्यांच्याशी तुलना केली, तेव्हा दिसलं की लोक दुसऱ्याच्या शेतावरून स्वतःच्या शेताकडे वळले, जनावरं वाढली, मोठ्या मुली शाळेत टिकल्या. दारूवरचा खर्च वाढला नाही.

आता आपल्या बिलायतेकडे या. इथलं चाइल्ड बेनिफिट आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे ते "पगार जास्त म्हणून परत भरावं लागतं" एवढ्यापुरतं. पण त्याची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. एलिनोर रॅथबोन नावाच्या बाईंनी १९२४ साली पुस्तक लिहून मागणी केली, की मूल वाढवणाऱ्या आईच्या हातात थेट पैसे द्या. तेव्हाही तेच आक्षेप. कामगार संघटनांना भीती, की हे निमित्त करून मालक पगार दाबतील. १९४५ साली सरकारने विधेयक आणलं, त्यात पैसे बापाला द्यायचं ठरलं होतं! रॅथबोनबाई तेव्हा खासदार होत्या. त्या म्हणाल्या, असं असेल तर मी माझ्याच मागणीच्या विरोधात मत देईन. शेवटी कायद्यात आई आली. ऑगस्ट १९४६ पासून दुसऱ्या मुलापासून पुढे प्रत्येक मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग, पोस्टात मंगळवारी. बाई मात्र त्याच वर्षीच्या जानेवारीत गेल्या.

पुढे सत्तरच्या दशकात आणखी गंमत झाली. मुलांमुळे बापाच्या पगारावर मिळणारी करसवलत काढायची आणि ते पैसे आईला द्यायचे असं ठरलं. पगाराची पावती हलकी झाली तर पुरुष कामगार चिडतील, म्हणून मंत्रिमंडळ मागे हटायला लागलं. १९७६ मध्ये त्या बैठकांचे कागद फुटले, फ्रँक फील्डनी ते छापले, आणि सरकारला शब्द पाळावा लागला. १९७७ ते १९७९ च्या दरम्यान पैसे बापाच्या पाकिटातून आईच्या बटव्यात आले. पुढे लुंडबर्ग, पोलॅक आणि वेल्स या तिघांनी त्या काळातला कुटुंबांचा खर्च तपासला. पुरुषांच्या कपड्यांच्या मानाने बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढलेला निघाला. घरातला पैसा घरातच होता, फक्त हात बदलला होता.

(जाता जाता: पगार मोठा असला तरी चाइल्ड बेनिफिटचा फॉर्म भरून ठेवा, पैसे नको म्हणून टिक करता येते. घरी असलेल्या आईला मूल १२ वर्षांचं होईपर्यंत पेन्शनसाठी नॅशनल इन्शुरन्सचं क्रेडिट मिळतं. व्हिसावर 'पब्लिक फंड्स नाहीत' असं लिहिलं असेल तर मात्र या भानगडीत पडू नका.)

लाडक्या बहिणीचं खरं दुखणं रकमेत नाही. बेळगावकडच्या मराठी बायकांना कर्नाटकच्या 'गृहलक्ष्मी'त दोन हजार मिळतात, तिथेही बोंब हप्ता लांबल्याचीच. इथलं चाइल्ड बेनिफिट ठरल्या वाराला खात्यात पडतं, त्यावर बाई महिना आखू शकते. तिकडे तारखेचा नेम नाही. शिवाय निवडणुकीआधी घाईघाईत सगळ्यांना वाटलं, आणि जून २०२५ मध्ये छाननी करून सव्वीस लाखांहून जास्त लाभार्थ्यांचे पैसे थांबवले. त्यात हजारो पुरुषही सापडले, ते बरंच झालं. पण पैसे थांबलेल्या प्रत्येक बाईला आपलं नेमकं काय चुकलं ते कळलं का? आणि खर्चही खोटा नाही. सुरुवातीला वर्षाला ४६,००० कोटींचा अंदाज होता. लातूरच्या त्या गावातून जवळचा डॉक्टर अजून अठरा किलोमीटरवर आहे, पंधराशे रुपयांनी तो जवळ येत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये नवीन फर्मान निघालं: सगळ्यांनी ई-केवायसी करा. बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार, आणि ओटीपी त्यांच्या फोनवर. ज्यांचे दोघेही नाहीत अशा बायका पेचात पडल्या, मग त्यांच्यासाठी सवलत काढून मुदत वाढवली. आमच्या या बाईचा नवरा तेव्हा पुण्यात साइटवर. कामावर फोन कपड्यांच्या पिशवीत ठेवायचा नियम. ती दोन दिवस मजुरी बुडवून सेवा केंद्रात बसली, ओटीपी यायचा आणि तो बघेपर्यंत मुदत संपायची. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीची वेळ ठरवून फोन लावला, त्याने आकडे वाचून दाखवले, केंद्रवाल्याने पन्नास रुपये घेतले, आणि काम झालं.