संत्र्याचा मुलूख आणि धंदेशिक्षणाचा दाखला

नरखेड तालुक्यांत दहावी-बारावीनंतर शाळा सोडणाऱ्या मुलांपैकीं पुष्कळांचा मार्ग शेतीकडे किंवा शेतीवर चालणाऱ्या धंद्यांकडे वळतो. कोणी संत्र्याच्या पन्हेरीवर कामास लागतो, कोणी फवाऱ्याचें यंत्र घेऊन बागोबाग हिंडतो, कोणी ठिबकाच्या नळ्या जोडतो, तर कोणी फळांची प्रतवारी करतो. या साऱ्या कामांस कसब लागतें; परंतु तें अंगीं असल्याची खात्री देणारा दाखला अशा मुलापाशीं बहुधा नसतो. उलटपक्षीं, ज्याच्यापाशीं दाखला आहे त्याच्या हातीं चाकू देण्यास बागाईतदार धजत नाहीं. ही विसंगति कशी मोडावी, याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

डोळा बांधण्याचेंच काम घेऊं. संत्र्याचा डोळा जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधतात. खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला म्हणजे त्याच्या सालीस चीर देऊन निरोगी मातृवृक्षाचा डोळा तींत बसवावयाचा. डोळा जमिनीपासून सुमारें ९ इंच उंच असावा. खालीं बांधल्यास सांधा ओल्या मातीस लागून डिंक्या रोगास वाट मिळते, आणि पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या जमिनींत हा धोका विशेष. डोळा लागला कीं नाहीं हें महिन्याभरांत दिसतें. पण तो कोणत्या झाडाचा घेतला होता, हें बागाईतदारास चौथ्या-पांचव्या वर्षीं फळ धरल्यावरच कळतें. तोंपर्यंत त्याचें पाणी, खत, मजुरी आणि उमेदीचीं वर्षें त्या झाडांत गेलेलीं असतात. नागपुरी संत्र्यास २०१४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें खरें. परंतु त्या नांवाची अब्रू अखेर डोळा बांधणाऱ्याच्या हातीं आहे.

हात आणि पुस्तक यांची सांगड घालण्याचा यत्न या प्रदेशास नवा नाहीं. ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्धा येथें भरलेल्या परिषदेंतून महात्मा गांधींची मूलोद्योगी शिक्षणाची योजना पुढें आली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें तिला अभ्यासक्रमाचें रूप दिलें. त्याच सुमारास मध्यप्रांत-वऱ्हाडांत पंडित रविशंकर शुक्ल यांनीं विद्यामंदिर योजना काढिली. पुढें कोठारी आयोगाचा १९६६ चा अहवाल आला. १९८८ सालीं महाराष्ट्रांत किमान कौशल्यांवर आधारलेले बारावीपर्यंतचे अभ्यासक्रम निघाले. या सर्वांस नडली ती एकच समजूत: उद्योग गरिबाच्या मुलासाठीं, पुस्तक सुखवस्तूच्या मुलासाठीं. ज्या वाटेनें पुढें जातां येत नाहीं, तीवर कोणता बाप आपला मुलगा घालील?

डिसेंबर २०१३ मध्यें केंद्र सरकारनें राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकट जाहीर केली, ती या दृष्टीनें महत्त्वाची होय. मुलानें किती महिने वर्गांत काढले हें न पाहतां त्यास काय करतां येतें हें पाहावें, दाखल्यांस पायऱ्या असाव्या, व खालच्या पायरीवरून वर चढतां यावें, हें तिचें तत्त्व. २०२३ च्या श्रेयांक आराखड्यानें कामांतून मिळविलेलें ज्ञानही हिशेबांत धरण्याची वाट मोकळी केली. तत्त्व आम्हांस मान्य आहे. अडतें तें परीक्षेपाशीं. कांहीं आठवड्यांचा वर्ग आणि एका दिवसाची परीक्षा, हा सांचा दुकानांतल्या कामास कदाचित् पुरेल. संत्र्याचें वर्ष त्यांत मावत नाहीं. आंबिया बहारासाठीं डिसेंबर-जानेवारींत ताण, मृगासाठीं मे महिन्यांत. डोळे बांधणें हिवाळ्यांत, कलमांची उचल पावसाळ्यांत. तीन महिने शिकलेल्या मुलानें या पोथीचें एकच पान पाहिलेलें असतें.

म्हणून परीक्षा हंगामास बांधावी. उमेदवारास हिवाळ्यांत १०० खुंट द्यावे. महिन्यानें जिवंत डोळे मोजावे. पावसाळ्यांत कलमें उचलतांना पुन्हां मोजावे. आणि तो आंकडाच दाखल्यावर लिहावा. 'प्रथम श्रेणी' या शब्दांपेक्षां त्या आंकड्यानें बागाईतदारास अधिक कळेल. मातृवृक्षाची पारख झाडाखालीं उभें करूनच पाहावी. परीक्षक दोन असावे, एक शिक्षक व एक दुसऱ्या गांवचा पन्हेरीवाला. शिकविणाऱ्या संस्थेचें उत्पन्न उत्तीर्णांच्या संख्येवर ठेविलें तर नापास कोण करील, हें सांगावयास नकोच. वीस वर्षें डोळे बांधीत आलेल्या माणसासही याच परीक्षेस बसूं द्यावें. त्यास वर्गांत बसण्याची सक्ती नको.

हें व्यवहार्य नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं पुणें जिल्ह्यांतील पाबळ पाहावें. तेथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं स्थापिलेल्या विज्ञान आश्रमानें माध्यमिक शाळेच्या मुलांकडून शेती, वीज, सुतारकाम, जोडकाम असें प्रत्यक्ष काम करवून घेतलें, आणि शिकविण्यास गांवांतले कारागीर घेतले. दुसरें उदाहरण हैदराबादच्या मॅनेज या संस्थेचें. बीं-खतें-औषधें विकणाऱ्यांसाठीं तिनें २००३ सालीं एक वर्षाची पदविका काढिली. आठवड्यांतून एकच दिवस, ४० दिवस वर्ग व ८ दिवस शिवारफेरी. दुकान न मोडतां दुकानदार शिकूं शकतो, तर मजुरी न बुडवितां मजूरही शिकूं शकेल.

औषध विकणाऱ्याची सोय झाली, फवारणारा मात्र मागेंच राहिला. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसाहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. मिश्रण कसें करावें, वारा कोणत्या अंगानें आहे, हातमोजे व मुखपट्टी कां वापरावी, हें दाखवून देणारी फवारणीची परीक्षा डोळे बांधण्याच्या परीक्षेच्याही अगोदर सुरू झाली पाहिजे. तिला हंगामाची वाट पाहावयास नको. पंपांत साधें पाणी भरूनही ती घेतां येते.

डोळ्यांच्या परीक्षेंत मात्र वाया जाणाऱ्या खुंटांची किंमत कोणीं सोसावी, हा प्रश्न पन्हेरीवाले प्रथम विचारतील, व तो रास्त आहे. आमच्या मतें ती उमेदवाराच्या अंगावर न टाकतां परीक्षा घेणाऱ्या संस्थेनें भरावी. लागलेलीं कलमें पन्हेरीवाल्याचींच राहावीं. खुंट हिवाळ्यापूर्वीं राखून ठेवावे लागतात, यास्तव हीं बोलणीं पावसाळ्यांतच उरकलीं पाहिजेत.