‘वुई’ म्हणजे नेमके कोण?

इंग्रजीतील सर्वनामांचा धडा आम्ही शिक्षक बहुधा एका तासात उरकतो. ‘वुई’ म्हणजे आम्ही, ‘यू’ म्हणजे तुम्ही, ‘दे’ म्हणजे ते. तक्ता पाठ झाला की धडा संपला. परंतु इंग्रजी भाषा माणसांच्या समूहाला कशी संबोधते, हे जाणायचे असेल, तर या लहानशा शब्दांपाशी थोडे थांबावे लागते. इतिहासाच्या अभ्यासकास तर ते टाळताच येत नाही.

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही उद्या निघणार’ असे म्हटले, की ऐकणारा त्यात नसतो. ‘आपण उद्या निघू’ म्हणताच तोही सामील होतो. इंग्रजीत दोहोंसाठी एकच ‘वुई’. ऐकणारा आत आहे की बाहेर, हे तो शब्द सांगत नाही. ते संदर्भावरूनच ओळखावे लागते.

अमेरिकेच्या इतिहासात या संदिग्धतेचे गांभीर्य दिसते. १७८७ साली तयार झालेल्या तेथील राज्यघटनेचा प्रारंभ ‘वुई द पीपल’ या शब्दांनी होतो. त्याच घटनेत प्रतिनिधिगृहातील जागा ठरविताना गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरण्यात आली. विशेष असे की, मूळ मजकुरात ‘गुलाम’ हा शब्दच नाही. तेथे त्यांचा उल्लेख ‘इतर व्यक्ती’ असा होतो. ‘वुई’ म्हणणाऱ्यांनी ज्यांना बाहेर ठेवले, त्यांचे नावही घेतले नाही.

गुलामगिरीत जन्मून त्यातून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टर येथे स्वातंत्र्यदिनानिमित्त भाषण केले. श्रोत्यांना त्यांनी सहनागरिक म्हटले खरे. पण स्वातंत्र्यदिनाविषयी बोलताना ‘आपला’ न म्हणता ‘तुमचा’ म्हटले. एका सर्वनामाने त्यांनी त्या ‘वुई’ची मर्यादा उघड केली. पुढे १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी रद्द झाली. या मुक्तिकार्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांनाच जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ ग्रंथ अर्पण केला.

समूहवाचक शब्दांची इंग्रजीतील आणखी एक रीत ध्यानात घ्यावी. विशेषणापूर्वी ‘द’ लावला की संपूर्ण समूह उभा राहतो : ‘द पूअर’, ‘द ब्लाइंड’. यात माणूस मागे पडतो आणि त्याची अवस्था हीच त्याची ओळख ठरते. म्हणूनच आज अनेक इतिहासकार ‘स्लेव्ह्ज’ ऐवजी ‘एन्स्लेव्ह्ड पीपल’, म्हणजे गुलाम केली गेलेली माणसे, असे लिहितात. कोणीतरी त्यांना गुलाम केले, हे सत्य त्या शब्दरचनेत टिकून राहते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाचे उपशीर्षक या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. ते कोण होते आणि ते अस्पृश्य का झाले, असा प्रश्न त्यात आहे. स्वतः त्याच समाजातील असूनही बाबासाहेबांनी तेथे संशोधकाचे ‘दे’ वापरले. ‘झाले’ या क्रियापदाने तर अस्पृश्यता जन्मजात नसून इतिहासात घडलेली आहे, हे शीर्षकातच मांडले.

भारतीय संविधानही ‘वुई’नेच सुरू होते; मराठीत आपण ‘आम्ही, भारताचे लोक’ असे म्हणतो. या ‘आम्ही’त कोण येतात, याचे उत्तर संविधानाच्या अनुच्छेदांत आहे : सतराव्याने अस्पृश्यता नष्ट केली, तर तीनशे सव्विसाव्याने प्रौढ मताधिकार दिला. उद्देशिकेतील शब्दाला आशय मिळाला तो या तरतुदींमुळे. तो आशय व्यवहारात उतरविण्याचे काम अद्याप पुरे झालेले नाही.

माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमची एवढीच विनंती, की मुलांना इंग्रजी अवश्य शिकवावे. सोबत दोन प्रश्नही शिकवावेत. ‘वुई’ दिसताच विचारावे, यात कोण आहे आणि कोण नाही? समूहाचे नाव दिसताच विचारावे, हे नाव कोणी दिले?