सही अधीक्षकांची, दंड मुलीचा

३० ऑगस्ट २०१३ रोजी संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने आपला बहात्तरावा अहवाल सादर केला. असे अहवाल छापले जातात, सभागृहाच्या पटलावर ठेवले जातात आणि कपाटात जातात. या अहवालातला एक आकडा मात्र, ज्या घरातले मूल वसतिगृहात राहून शिकते अशा प्रत्येक घरात पोहोचायला हवा होता. आंध्र प्रदेशातील ९,५४३ संमतिपत्रे तपासली गेली. त्यांपैकी १,९४८ पत्रांवर अंगठे होते आणि २,७६३ पत्रांवर सह्या होत्या वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या.

संमती कशाची? हकीकत अशी. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यात दहा ते चौदा वर्षांच्या सुमारे चोवीस हजार मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी एचपीव्ही लस टोचण्यात आली. खम्ममला मर्क कंपनीची, वडोदऱ्याला ग्लॅक्सोची. प्रकल्प 'पाथ' या अमेरिकी संस्थेचा. सोबतीला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि दोन्ही राज्यांची सरकारे. खम्ममच्या कितीतरी मुली आदिवासी, आश्रमशाळांच्या वसतिगृहांत राहणाऱ्या. आईबाप दूरच्या वस्त्यांवर. त्यांना बोलावून, समजावून सांगून सही घेण्यात दिवस गेले असते. अधीक्षक मात्र तिथेच होते, आणि सही करण्याची सूचना त्यांना वरूनच आली होती. एका माणसाच्या सहीवर वसतिगृहभर मुलींनी बाह्या वर केल्या. त्यांच्या हाती जे लसीकरणाचे कार्ड पडले तेही इंग्रजीत होते.

पुढे सात मुलींच्या मृत्यूची बातमी आली, महिला आरोग्य संघटनांनी आवाज उठवला आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. चौकशी समितीला या मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. कोणी पाण्यात बुडाली होती, कोणाला साप चावला होता, कोणाच्या पोटात कीटकनाशक गेले होते. हे सांगितलेच पाहिजे, कारण या प्रकरणाचा आधार घेऊन आजही कोणी कोणी लशीलाच बदनाम करतो. लस चांगली आहे. शंभराहून अधिक देश ती आपल्या मुलींना देतात, आणि २०२३ पासून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची स्वदेशी लसही बाजारात आहे. माझ्या नातीला ती द्यावी, असे मीच सुनेला सांगितले. पण सुनेने डॉक्टरांना चार प्रश्न विचारले, नातीने दोन विचारले, मग इंजेक्शन झाले. खम्ममच्या मुलीला तो एक प्रश्नही विचारता आला नाही.

'पाथ'चे म्हणणे होते की ही औषधचाचणी नव्हतीच, लसीकरण कसे राबवता येईल हे पाहण्याचा तो एक प्रकल्प होता. संसदीय समितीने ते मानले नाही. चाचणी म्हटले की विमा, नुकसानभरपाई, दुष्परिणामांची नोंद, सगळे ओघाने येते; नाव बदलले की हे सगळे गळून पडते. मला तर यात शब्दांची चलाखी दिसते.

आता हे सगळे आमच्या उंब्रजला बसून मी का लिहितो आहे? आमच्या भागाचे वसतिगृहाशी नाते जुने आहे. इथून जवळच्याच काले गावी १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग उभे राहिले आणि बहुजनांची पोरे शिकली. बोर्डिंगचा रेक्टर म्हणजे बापाच्या जागी, ही भावना तेव्हापासूनची आहे. ती खोटीही नाही. म्हणूनच जून उजाडला की तारळे-चाफळकडच्या डोंगरातले पालक प्रवेशअर्ज घेऊन माझ्याकडे येतात, मी निवृत्त मास्तर म्हणून अर्ज भरून देतो, आणि शेवटच्या पानावर ते न वाचता अंगठा उठवतात. "सर, आता तुमीच बघा आन् त्येंनी बघावं," असे म्हणतात. त्या पानावर मुलाच्या औषधोपचाराचा निर्णय संस्थेवर सोपवल्याचे लिहिलेले असते. तापाच्या गोळीसाठी ते ठीकच आहे.

ज्याच्यामागे आईबापच नाहीत, किंवा जे पोरगे चोरीमारीत सापडून रिमांड होममध्ये आले, त्याचे काय? अशा मुलांवर काय होऊ शकते याचा पुरावा श्रीमंत देशांतून मिळतो. जर्मनीत झिल्विया वाग्नर या औषधशास्त्रज्ञ बाईंनी जुन्या दप्तरांतून शोधून काढून २०१६ मध्ये प्रसिद्ध केले की १९५० ते ७० च्या दशकांत तिथल्या बालगृहांतल्या मुलांवर लशी आणि मनोविकारांवरची औषधे पडताळून पाहिली गेली. मुलांना विचारणे दूरच. पालकांच्या संमतीचेही कागद त्यांना सापडले नाहीत. 'वांड' पोरांना शांत करणारी गोळी संस्थेलाही सोयीचीच असते, हे लक्षात घ्या.

अमेरिकेत न्यूयॉर्कमधल्या विलोब्रुक या मतिमंद मुलांच्या संस्थेत तर १९५६ पासून मुलांना मुद्दाम काविळीची लागण करून संशोधन चालले होते. तिथे पालकांच्या सह्या होत्या. पण कशा? संस्था भरलेली, प्रवेश बंद, जागा फक्त काविळीच्या संशोधनाच्या वॉर्डात. घरी मतिमंद मूल सांभाळून थकलेल्या आईने सही केली. तिला संमती म्हणायचे की नाइलाज?

आपल्याकडे नियम नंतर कडक झाले. २०१९ साली नवी औषधे आणि चाचण्यांचे वेगळे नियम आले. वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की सात वर्षांवरील मुलाला त्याला कळेल अशा भाषेत समजावून त्याचा होकार घ्यायचा, बारा वर्षांवरील मुलाचा तर लेखी. पालकांची सही वेगळी. खम्मम-वडोदऱ्याच्या प्रकरणावरून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या याचिकेत, संसदीय समितीचा अहवाल न्यायालयात आधाराला घेता येतो, असा निकाल घटनापीठाने २०१८ मध्ये दिला. कागद तयार आहेत. वसतिगृहाच्या कचेरीपर्यंत ते पोहोचले आहेत का, हे पालकानेच विचारायचे.

अर्ज भरताना मी आता त्या शेवटच्या पानावर एक ओळ हाताने वाढवतो: 'तातडीचे उपचार सोडून कोणतीही लस, औषध किंवा तपासणी आम्हाला कळवून, मुलाला समजावून मगच करावी.' पालकाला ती मोठ्याने वाचून दाखवतो, मुलालाही. बहुतेक संस्थांनी काही हरकत घेतली नाही. एका ठिकाणाहून अर्ज परत आला. खाडाखोड नको, कोऱ्या अर्जावर भरून पाठवा, असा निरोप होता. आम्ही नवा अर्ज आणला, सुवाच्य अक्षरात भरला आणि ती ओळ पुन्हा लिहिली. पोरीला प्रवेश मिळाला.