विजेची ठेव

भर दुपारी सौर पॅनेल भरभरून वीज देत असतात आणि दिवेलागणीला घरोघरी मागणी वाढते, तेव्हा सूर्य मावळलेला असतो. उत्पन्न एका वेळी आणि खर्च दुसऱ्याच वेळी, ही अडचण बँकेच्या ग्राहकाला नवी नाही. तिच्यावरील उपायही त्यास ठाऊक आहे, तो म्हणजे ठेव. विजेची ठेव कशात ठेवावी, हा आज ऊर्जाक्षेत्रापुढील कळीचा प्रश्न होय.

घरातील इन्व्हर्टरची शिसे-आम्ल बॅटरी हे या ठेवीचे परिचित रूप. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये तिचा शोध लावला. ती स्वस्त असते आणि तिच्यातील शिसे पुन्हा वापरता येते. परंतु वरचेवर पूर्ण रिकामी झाल्यास ती लवकर निकामी होते. १९९१ मध्ये सोनी कंपनीने बाजारात आणलेली लिथियम-आयन बॅटरी हलकी आणि अधिक वीज सामावणारी ठरली. मोबाइलपासून मोटारीपर्यंत तिचा संचार झाला. तथापि लिथियमसाठी भारताला प्रामुख्याने आयातीवर विसंबावे लागते.

म्हणूनच सोडियम-आयन बॅटरीकडे लक्ष वेधले जात आहे. सोडियम साध्या मिठातही असतो. लिथियमच्या बॅटरीत एका बाजूला तांब्याचा पातळ पत्रा लागतो. सोडियमच्या बॅटरीत दोन्ही बाजूंना स्वस्त ॲल्युमिनियम चालते. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने तेथील आयसर संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेले असे तंत्रज्ञान २०२३ मध्ये सादर केले. तेवढीच वीज साठविण्यास या बॅटरीचे वजन मात्र अधिक भरते. गाडीसाठी हा दोष मोठा. पण जमिनीवर कायमची बसविलेली बॅटरी कोणाला वाहून न्यायची असते?

व्हॅनेडियम फ्लो बॅटरीत वीज टाक्यांतील द्रावणात साठते. टाकी मोठी केली, की साठाही वाढतो. चीनमधील दालियान येथे २०२२ मध्ये अशी १०० मेगावॅट क्षमतेची, ४०० मेगावॅट-तास वीज साठविणारी यंत्रणा सुरू झाली.

रसायनांवाचूनही वीज साठविता येते. सह्याद्रीतील २५० मेगावॅटच्या घाटघर प्रकल्पात मागणी कमी असताना खालच्या जलाशयातील पाणी वर चढविले जाते आणि गरजेच्या वेळी तेच पाणी खाली सोडून वीजनिर्मिती होते. अशा प्रकल्पांत चढविण्यास लागलेल्या विजेपैकी साधारण तीन-चतुर्थांश वीज परत मिळते. उरलेली वीज म्हणजे या ठेवीचे शुल्कच!

तात्पर्य, सर्व गरजा भागविणारी एकच बॅटरी नाही. रोजच्या व्यवहाराला बचत खाते आणि दीर्घ गरजेला मुदत ठेव, तसेच येथेही आहे. दुकान, पिठाची गिरणी वा शीतगृह यांसाठी कर्ज काढून बॅटरी घेणाऱ्याने केवळ किंमत पाहू नये. चार्जिंगची किती आवर्तने ती टिकेल, दरवेळी किती प्रमाणात रिकामी करता येईल आणि हमी किती वर्षांची आहे, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यानेही परतफेडीची मुदत त्या आयुर्मानाशी ताडून पाहावी. बॅटरी संपली आणि हप्ते मात्र उरले, अशी वेळ कोणत्याही ग्राहकावर येऊ नये, यातच कर्जदाराचे आणि बँकेचे हित आहे.