पुणतांबा : घाट, पाट आणि संप

राहाता तालुक्यातली तीन गावं राज्यभर ठाऊक आहेत. शिर्डी साईबाबांमुळे, लोणी सहकारी साखर कारखान्यामुळे आणि पुणतांबा २०१७ च्या शेतकरी संपामुळे. पहिल्या दोन गावांवर पुस्तकांमागून पुस्तकं निघाली. पुणतांबा मात्र एका जून महिन्यापुरतं वर्तमानपत्रांत आलं आणि मागे पडलं. तो संप नीट समजून घ्यायचा असेल तर या गावाकडे आधी नदीच्या अंगाने पाहावं लागेल, असं मला ठामपणे वाटतं. इथला घाट, समाधी, रेल्वे स्टेशन, पाटाची चारी आणि बंद पडलेला कारखाना यांतली प्रत्येक खूण पाणी आणि जमीन कुणाच्या हाती होती याचीच हकिगत सांगते.

राहात्याच्या पूर्वेला, गोदावरीच्या दक्षिण काठावर हे गाव वसलं आहे. या पट्ट्याला जुनी माणसं गंगाथडी म्हणतात. गोदावरी इथे गंगाच. पलीकडे वैजापूर तालुका, म्हणजे १९४८ पर्यंत निजामाचा मुलूख. गंगेला चाललेला माणूस इंग्रजी अमलाच्या शेवटच्या पायरीवर अंघोळ करत असे, समोरच्या तीरावर दुसऱ्याच राजाचं राज्य असे. १८८४ च्या अहमदनगर गॅझेटिअरने पुणतांब्याची दखल घेतली ती देवळांसाठी आणि घाटांसाठी. सर्वांत मोठा घाट अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला, दुसरा शिवराम धुमाळ नावाच्या गृहस्थांचा. पंचक्रोशीत गावाला दक्षिणकाशी म्हणतात ते याच काठामुळे. दहाव्याला, अस्थिविसर्जनाला, पर्वणीच्या स्नानाला माणसं आजही येतात.

अहिल्याबाईंचा जन्म याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या चोंडीचा, आणि आता जिल्ह्याचं नावही अहिल्यानगर झालं आहे. काशीपासून रामेश्वरापर्यंतची त्यांची बांधकामं अभिमानाने सांगितली जातात. मग त्यांच्या स्वतःच्या जिल्ह्यातला हा घाट शाळेच्या सहलींच्या यादीत पहिला असायला हवा. घाट बांधणं हा केवळ पुण्याचा व्यवहार नव्हता. गाळात पाय न रुतता, कुणाची परवानगी न काढता बाईमाणसाला पाण्यापर्यंत पोचता यावं, ही त्यातली मोठी सोय होती.

गावाचं दैवत मात्र चांगदेव. तापीकाठी तप केलेले, चौदाशे वर्षं जगलेले, चौदाशे शिष्यांचा मेळा बाळगणारे योगी असं परंपरा त्यांचं वर्णन करते. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं, तर मायना काय लिहावा याचीच अडचण. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने थोर. नमस्कार लिहावा, तर वय आड येतं. शेवटी त्यांनी कोराच कागद पाठवला. त्याला उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी लिहिलेल्या पासष्ट ओव्या म्हणजे चांगदेव पासष्टी. पुढे वाघावर बसून, हातात सापाचा आसूड घेऊन ते आळंदीला निघाले आणि भावंडं भिंतीवर बसून सामोरी आली, ही गोष्ट मराठी मुलाला वेगळी सांगावी लागत नाही. मला या कथेत भिंत चालण्यापेक्षा पुढचा भाग मोठा वाटतो. एवढा सिद्धींचा धनी वाघावरून खाली उतरला आणि त्याने पोरवयाच्या मुक्ताबाईला गुरू केलं. मुक्ताबाईंचं स्थान तापीकाठी, मेहूणला; चांगदेवांची समाधी इथे गोदाकाठी, पुणतांब्याला. वारकऱ्यांच्या नकाशावर हे गाव आहे ते या समाधीमुळे.

संतांची ये-जा इथून पुढे शिर्डी-राहात्यापर्यंत चालू राहिली. साईसच्चरितात पुणतांब्याच्या गंगागीर महाराजांचा प्रसंग येतो. तरुण साईबाबा दोन्ही हातांत घागरी घेऊन बागेला पाणी घालताना त्यांना दिसले, आणि हे रत्न शिर्डीला लाभलं, गावाचं भाग्य थोर, असं ते सर्वांसमक्ष म्हणाले. त्या बागेची झेंडूची, जाई-जुईची रोपं बाबांनी राहात्याहून आणलेली होती. गंगागीर महाराजांनी सुरू केलेला अखंड हरिनाम सप्ताह त्यांच्या सराला बेटाच्या परंपरेतून दीडशेहून अधिक वर्षं चालला आहे आणि दरवर्षी गंगाथडीचं नवं गाव त्याचं यजमानपद मागतं.

संतांच्या मागून रेल्वे आली. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात पोटासाठी खडी फोडणाऱ्या माणसांच्या हातून दौंड-मनमाड लोहमार्ग पुरा झाला, १८७८ मध्ये गाड्या धावू लागल्या आणि पुणतांब्याला स्टेशन मिळालं. २००९ मध्ये इथूनच साईनगर शिर्डीचा फाटा निघाला. आता देशभरातून येणारे साईभक्त पुणतांब्यावरून जातात, उतरणारे थोडेच.

खरं वळण पाटाने आणलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन कालवे निघाले, वर दारणा धरण झालं. इथला शेतकरी तोपर्यंत बाजरी-ज्वारीचा. ऊस कसा लावायचा, गूळ कसा काढायचा हे सासवडकडून आलेल्या माळी बागाईतदारांना माहीत होतं. ते आले, त्यांनी जमिनी केल्या. त्यांच्या मागून साखर कंपन्या आल्या आणि हजारो एकर जमीन खंडाने घेऊ लागल्या. ज्याच्याकडे बैलबारदाना नव्हता, पाणीपट्टी भरायला रोकड नव्हती, डोक्यावर सावकार होता, त्याने आपलं शेत वर्षाच्या ठरावीक खंडावर लिहून दिलं. हरेगावला बेलापूर कंपनी, कोपरगावकडे साकरवाडी आणि लक्ष्मीवाडी, आणि पुणतांब्याला चांगदेव शुगर मिल्स. ज्या योग्याने मुक्ताबाईसमोर सगळं टाकून दिलं, त्याचं नाव कारखान्याला आणि भोवतालच्या वस्तीला, चांगदेवनगरला, मिळालं.

१९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा झाला आणि कंपन्यांचे मळे सरकारने घेतले. जमीन मूळ मालकाला मिळेल अशी आशा होती. पण जमीन गेली १९६३ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाकडे. ज्यांनी कधी काळी जमीन खंडाने दिली होती ते खंडकरी आणि त्यांची मुलं-नातवंडं सातबाऱ्यासाठी झगडत राहिली. कॉम्रेड माधवराव गायकवाडांनी त्यांच्यासाठी आयुष्य घातलं. जमीनवाटप सुरू व्हायला २०१२ उजाडलं. तोवर ज्यांनी अंगठे दिले होते ते बहुतेक गेले होते. समाजवादाच्या नावाने झालेल्या कायद्याने लहान शेतकऱ्याला अर्धशतक स्वतःच्या बांधावर परकं ठेवलं, याइतका मोठा अन्याय या भागात दुसरा झालेला मला दिसत नाही.

याच तालुक्यात लोणीला दुसरी वाट निघाली. विठ्ठलराव विखे पाटील यांनी प्रवरेच्या पाटावरचे शेतकरी एकत्र केले, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ सोबत उभे राहिले, आणि १९५० च्या अखेरीस आशियातल्या पहिल्या सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला. तशीच काळी जमीन आणि तसंच पाटपाणी. पण कारखान्याची मालकी उसवाल्याकडे राहिली, म्हणून लोणीची पुढची सत्तर वर्षं पुणतांब्यापेक्षा वेगळी गेली.

पाटपाणीही आता पूर्वीचं उरलेलं नाही. सात नंबरचा अर्ज भरायचा आणि आवर्तनाची वाट पाहायची. वर नाशिक शहर आणि कारखानदारीची तहान वाढली, खाली जायकवाडीचा हक्क कायद्याने मान्य झाला. मधली गंगाथडी शेतात विहीर आणि बोअर खोल करत बसली.

अशा गावात एप्रिल २०१७ मध्ये ग्रामसभा भरली. नोटाबंदीला जेमतेम पाच महिने झाले होते. जुन्या नोटा घ्यायला जिल्हा सहकारी बँकांना बंदी झाल्याने शेतकऱ्याचा रोजचा व्यवहारच थांबला होता, मालाचे भाव कोसळले होते. मागण्या चार-दोनच : सातबारा कोरा करा, उत्पादन खर्चावर पन्नास टक्के धरून भाव द्या, दुधाला लिटरमागे पन्नास रुपये द्या, साठी ओलांडलेल्या शेतकऱ्याला पेन्शन द्या. नाही दिलंत तर १ जूनपासून शहराला भाजी-दूध नाही, आणि पेरायचं ते घरापुरतंच. मराठी मुलखाला हे अगदी नवं नव्हतं. अलिबागजवळच्या चरीत नारायण नागू पाटलांच्या मागे कुळांनी १९३३ पासून सहा वर्षं खोतांची जमीन पडीक ठेवली होती. त्याच्याही आधी, १८८० मध्ये, आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या कुळांनी जमीनदाराच्या कारभाऱ्याचं पीक काढायला नकार दिला होता. पण चरी आणि मेयोमध्ये समोर एक माणूस होता. पुणतांब्यासमोर भाव होता, बँक होती आणि सरकार होतं. संप कुणाच्या दारात करायचा हेच आधी ठरवावं लागलं.

१ जूनला दुधाचे टँकर रिकामे झाले, बाजार समित्या ओस पडल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे मुख्यमंत्र्यांबरोबरच्या बैठकीनंतर संप मागे घेतल्याची घोषणा झाली. गावोगावच्या शेतकऱ्यांना ती मान्य झाली नाही आणि शेतकरी संघटनांच्या सुकाणू समितीकडे सूत्रं गेली. त्याच आठवड्यात मध्य प्रदेशात मंदसौरला पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. २४ जूनला राज्य सरकारने ३४,०२२ कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली. दीडपट भावाची मागणी तिथेच राहिली. ओतून दिलेल्या दुधावर तेव्हा पुष्कळांनी बोट ठेवलं. ते दूध ज्यांनी पहाटे चारला उठून काढलं होतं, त्यांच्याइतकं त्याचं मोल टीका करणाऱ्यांना ठाऊक नव्हतं, हे मी तेव्हाही म्हणत होतो.

गावाचा जुना ठेवा जपायचा म्हणजे देवळांना रंग देणं, अशी आपल्याकडे समजूत आहे. पुणतांब्याला याहून जास्त करता येईल. घाटाच्या दगडी पायऱ्यांची मोजणी आणि डागडुजी, खंडाच्या जुन्या करारांच्या प्रती गोळा करणं, कारखान्यात राबलेल्या कामगारांच्या आणि मळ्यावरच्या बायांच्या तोंडून हकिगती लिहून घेणं, ही कामं आत्ताच करायला हवीत. त्या पिढीतली माणसं अजून ओट्यावर बसून बोलतात. आणि एप्रिल २०१७ च्या ग्रामसभेचा ठराव मोठ्या अक्षरांत कोरून चांगदेवांच्या समाधीकडे जाणाऱ्या वाटेवर लावावा, खाली कोणत्या मागण्या पुऱ्या झाल्या आणि कोणत्या नाहीत हेही लिहावं, आणि दरवर्षी १ जूनला ग्रामसभेने ती नोंद पुन्हा तपासावी.